मेलेल्यानं हलायचं नाही

माझा दुसरा नवरा हार्लन प्रुइट मरण्यावर पोट भरायचा. काउबॉयच्या सिनेमात खलनायकाच्या डाव्या हाताला एक माणूस उभा असतो. दाढी वाढलेली, तोंडात काडी, आणि सबंध सिनेमात बोलणार काय, तर "पोरं दरीकडं गेली, बॉस." तो हार्लन. उजव्या हाताचा माणूस जरा शहाणा असतो, त्याला चार वाक्यं जास्त मिळतात आणि शेवटच्या मारामारीपर्यंत तो टिकतो. डावा मधेच मरतो. नायकाच्या घोड्याचं नाव सुरुवातीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत यायचं, हार्लनचं कधी यायचं, कधी नाही. मी म्हणायचे, "अरे, पुढच्या वेळी खोगीर घालून जा, म्हणजे नाव तरी येईल." तो हसायचा. त्याला स्वतःवरचा विनोद चालायचा, हे त्याचं मला पहिल्यापासून आवडायचं.

तो ओक्लाहोमातल्या गुराढोरांतून आलेला. तिकडची कुरणं वाळली तेव्हा विकायच्या घोड्यांबरोबर आगगाडीनं कॅलिफोर्नियात उतरला आणि परत गेलाच नाही. हॉलिवूडच्या एका नाक्यावर औषधाच्या दुकानासमोर ही सगळी बेकार घोडेस्वार मंडळी टोप्या मागं सारून उभी असायची. कंपनीची मोटार यायची, माणूस बोट दाखवायचा, "तू, तू आणि तो लंबू." मूक सिनेमाच्या दिवसांत तो सकाळी घोडदळात असायचा आणि दुपारी, अंगाला रंग फासून, त्याच घोडदळापुढं पळायचा. स्वतःचाच पाठलाग करायचे पैसे मिळतात, असा धंदा दुसरा नाही, असं तो सांगायचा. पुढं बोलपट आले. देखण्या देखण्या नायकांचे आवाज चिरके निघाले, ते गेले घरी. हार्लनचा आवाज बादलीत खडे हलवल्यासारखा होता. त्याला वाक्यं मिळायला लागली.

पण बोलणं वेगळं आणि पडणं वेगळं. गोळी लागल्यावर छातीला हात लावणारा हार्लन असायचा. त्यानंतर धावत्या घोड्यावरून खाली येणारा असायचा डब एम्री. डब म्हणजे माझा पहिला नवरा. दोघांची उंची एक, खांदे एक, बसण्याची ढब एक. लांबून बघितलं तर मलाही क्षणभर कळायचं नाही. हार्लन तोंडानं मरायचा, डब अंगानं मरायचा. माझं लग्न व्हायच्या आधी दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच पातेल्यातले घेवडे खायचे, आणि कुणाची पाळी भांडी घासायची यावर रोज भांडायचे. लग्नानंतर डबची पाळी माझ्यावर आली, एवढाच फरक.

मी कंपनीच्या कपडेपटात होते. आमची कंपनी छोटी, आठवड्याला एक सिनेमा उरकणारी. एका साली मी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या वासराच्या कातड्याची दोन जाकिटं शिवली, एक हार्लनला आणि एक डबला. ठिपका ठिपक्याला जुळवायला माझे डोळे गेले. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की गोळी खाल्ली त्यानंच जमीन गाठली. ते जाकीट इतकं भडक होतं की डब म्हणाला, "हे घालून मेलं तर लोक म्हणतील, बरं झालं, गाय गेली."

या धंद्याचा एक नियम आहे आणि तो सगळ्यांना पाठ असतो. साहेब, म्हणजे दिग्दर्शक, 'कट' म्हणेपर्यंत मेलेल्यानं हलायचं नाही. हाड मोडो, मुंगी चावो, घोडा अंगावर पाय देवो. हललास तर शॉट गेला, शॉट गेला तर ऊन गेलं, आणि ऊन गेलं तर सगळ्यांची मजुरी वाया. डबला या नियमाचा भारी अभिमान होता. "आजवर कुणाचा शॉट मी बिघडवला नाही," असं तो जेवताना सांगायचा, बाकीची माणसं देवदर्शनाचं सांगतात तसं. एकदा पाण्यात पालथा पडून तो इतका वेळ मेलेला राहिला की कॅमेरेवाल्यानंच घाबरून त्याच्यावर टोपी फेकली.

तो मेला लोन पाइनला. उत्तरेला, मोठ्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, गोलगोल दगडांचं रान आहे तिथं. काउबॉयचे निम्मे सिनेमे त्याच रानात झालेत. तिथं एकच खोट. डोंगर पश्चिमेला, त्यामुळं ऊन लवकर जातं. इकडं आमच्याकडं लोक दुपारचा चहा-कॉफी घेत असतात तेव्हा तिथं सावली खाली उतरायला लागते आणि प्रत्येक साहेब सावलीकडं बघत शिव्या घालत असतो.

मी हॉलिवूडमध्ये होते, कपडेपटात, रात्री उशिरापर्यंत झालरी लावत; मंडळी अजून दोन दिवसांनी परतायची होती. मला सांगायला हार्लन आला. एवढा लांबचा रस्ता ट्रक हाकत आला होता, अंगात तेच ठिपक्यांचं जाकीट, चेहऱ्यावर मेकअप तसाच. दारात त्याला बघितलं तेव्हा मला वाटलं डब आला. मी म्हणालेही, "आज लवकर सोडलं?"

तो म्हणाला, "वर्ना, खाली बस."

मी बसले नाही.

"घोडा चुकीचा वळला," तो म्हणाला. "दगडावर आला डब. जमिनीला लागायच्या आधीच गेला होता, वर्ना. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

हे वाक्य मी पुढं तेरा वर्षं उशाला घेऊन झोपले. त्याला काही कळलं नाही. माणूस मेला ते मेला, पण कळलं नाही. बाईमाणसाला एवढंच हवं असतं. पुरायच्या आधी मी त्याला धुतलं, आमच्याकडं ते काम दुसऱ्यावर सोडत नाहीत, तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत माती होती. घट्ट, नखांत गेलेली. मी हार्लनला विचारलं. तो म्हणाला, "पडताना धरली असेल." मी म्हटलं, असेल. आणि ती माती धुऊन टाकली.

कंपनीनं ती पड, म्हणजे डबच्या पडण्याचा तो शॉट, टाकून दिली नाही. टाकणार कशी? इतकी सुंदर पड कुणी कधी घेतली नव्हती. घोडा कड्याच्या रेषेवर, मागं पांढरे डोंगर, माणूस बाजूला उडतो, टोपी वेगळी, माणूस वेगळा. ती फीत डब्यात घालून कोठारात ठेवली, आणि जेव्हा जेव्हा सिनेमात कड्यावरून माणूस पाडायचा असेल तेव्हा तीच काढून जोडायची, अशी रीत. नवीन पाडायला खर्च येतो. ही तर तयारच होती. पण जोडायची तर आधी कुणीतरी तेच जाकीट घालून, तसल्याच घोड्यावर बसून, गोळी खायला हवी. म्हणजे हार्लन. कंपनीतून निरोप यायचा, "प्रुइटला पाठवा, आणि जाकीट काढून ठेवा." ते जाकीट त्याच्या हातात कोण द्यायचं? मीच. कपडेपटाची बाई मीच होते ना.

हार्लनचा सगळा धंदा पुढं त्या एका पडीवर चालला. लेखक लोक गोष्टच अशी लिहायचे की ठिपक्यांच्या जाकिटाचा एक गुंड असलाच पाहिजे आणि तो कड्यावर गेलाच पाहिजे. कधी तो बँक लुटायचा, कधी गुरं चोरायचा, एकदा तर पाद्र्याला छळत होता. शेवट तोच. छातीला हात, आणि मग डब. माझा नवरा एकदा मेला, कंपनीनं त्याला वर्षानुवर्षं मारला. मी एकदा चिडून हार्लनला म्हणाले, "नाही म्हणून सांग त्यांना. लाज नाही वाटत?"

त्यानं जाकिटाची गुंडी लावली आणि म्हणाला, "मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला घालतील, वर्ना. मग डब कुणा परक्याच्या नावानं पडेल."

तोवर तो दर रविवारी माझ्याकडं यायला लागला होता. मोरी तुंबली ती काढ, पायरी हलते ती ठोक, येताना पीच घेऊन ये. कधी एक शब्द वावगा नाही. दोन वर्षांनी आम्ही लग्न केलं. लोक बोलले, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मी सुखात होते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. व्हॅन नायसला छोटं घर घेतलं, परसात अक्रोडाचं झाड. फक्त कधीकधी, तो अंगणात पाठमोरा उभा असला आणि टोपी डोळ्यांवर असली, की माझी सुरी भाजीवर थांबायची. मी हाक मारायची नाही. दोन नावं ओठांवर यायची आणि कुठलं बाहेर पडेल याचा भरवसा नसायचा. तो वळायचा, हार्लन निघायचा, आणि मी भाजी चिरायला लागायचे.

डबचा तो शेवटचा सिनेमा मी कधी बघितला नाही. पडीची फीत बाकीच्या सिनेमांतून पन्नासदा डोळ्यांखालून गेली होती, कपडेपटाला जुळणी बघावीच लागते. पण मूळ सिनेमा नाही. तो खेड्यापाड्यांतल्या थेटरांत फिरला, विसरला गेला.

मग टीव्ही आला. नव्या टीव्ही कंपन्यांना दिवसभर दाखवायला काहीतरी हवं होतं, त्यांनी आमच्यासारख्या मोडक्या कंपन्यांचे जुने सिनेमे पोत्यानं विकत घेतले. रोज दुपारी घोडे दौडायला लागले. आणि काय सांगू, हार्लन म्हातारपणी प्रसिद्ध झाला. खाटकाच्या दुकानात लोक हळूच ढोसायचे, "हाच तो. काल मेला बघ." खाटीक त्याला हाडं फुकट द्यायचा. आमच्या घरी मात्र दुपारी टीव्ही बंद. मला वाटायचं, छोट्या कामांची लाज वाटत असेल. मी चिडवायचे, "लाव की, बघू दे मला तरी माझा नवरा जवान असताना." तो म्हणायचा, "डोळे बिघडतात," आणि बागेत निघून जायचा. माणूस बंद दाराला टेकून बसलाय हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कळलं ते शेजारच्या ओडेसाकडून. ओडेसा बार्कली म्हणजे भोकाचं मडकं. पोटात काही राहायचं नाही. मंगळवारी ती केकच्या तुकड्याची बशी घेऊन आली, हार्लन टेबलाशी कॉफी पीत होता.

"अगं वर्ना," ती आत पाय टाकताच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मरायला शिकवा गं कुणीतरी! काल दुपारी बघितला. पडला कसा, वा! माझा तर श्वासच अडकला. पण पडून राहायला काय झालं? पुढं ती गोरी मुलगी आणि तो नायक गुलूगुलू बोलतायत, आणि मागं हा मेलेला हात हलवतोय! माझे मिस्टर हसून हसून खुर्चीवरून पडले."

हार्लननं कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा तो टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो खाली पडला.

"कुठल्या सिनेमात?" मी विचारलं.

"मला मेलीला नावं कुठं लक्षात राहतात? ते ठिपक्यांचं जाकीट. शुक्रवारी परत लावणार आहेत, तेवढं ऐकलं. बघ तू. काय रे हार्लन, माशी बसली होती का?"

"हो," हार्लन म्हणाला. "माशी होती."

ओडेसा गेली. मी कपाचे तुकडे उचलले. उचलता उचलता मला हिशेब लागला. पडल्यानंतरचा माणूस फक्त मूळ सिनेमात दिसतो. बाकी सगळीकडं पड झाली की कापतात. आणि मूळ सिनेमात जमिनीवर जो पडला होता तो हार्लन नव्हता.

"माशी कुणाच्या हातावर बसली होती?" मी विचारलं.

तो वाकून सांडलेली कॉफी पुसायला लागला.

"तू मला सांगितलंस, जमिनीला लागायच्या आधीच गेला."

"वर्ना, शुक्रवारी आपण तुझ्या बहिणीकडं जाऊ, बेकर्सफील्डला. मी गाडी काढतो."

"शुक्रवारी मी इथं बसणार आहे. तुला जायचं तर जा."

तीन दिवस आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. मी स्वयंपाक करायचे, तो जेवायचा. मला एकच गोष्ट हवी होती. डब लगेच गेला की नाही. लगेच गेला असेल तर ओडेसाचे डोळे फुटलेत, वाऱ्यानं बाही हलली असेल, आणि माझं घर माझं आहे. गेला नसेल, तर मी अकरा वर्षं ज्याच्याशेजारी झोपले तो माणूस कोण, हे मला नव्यानं बघावं लागणार होतं. एकदा रात्री वाटलं, जाऊ दे, कशाला उकरायचं? पण मुठीतली माती डोळ्यांसमोरून हलेना. ती मी स्वतःच्या हातानं धुतली होती.

शुक्रवारी दुपारी मी टीव्हीसमोर खुर्ची ओढली. हार्लन गेला नाही. तो माझ्या मागं, दाराच्या चौकटीत उभा राहिला.

सिनेमा भिकार होता. चित्र पावसात धरल्यासारखं, आवाज डब्यातून आल्यासारखा. हार्लन आला, दाढी काळी, तोंडात काडी. "पोरं दरीकडं गेली, बॉस." मग कडा, गोळी, छातीला हात. मग माझा डब. ती पड मला पाठ होती. टोपी वेगळी, माणूस वेगळा. यापुढचं मी कधी बघितलं नव्हतं.

पुढं नायक घोड्यावरून उतरला, मुलगी दगडाआडून धावत आली. दोघं अगदी जवळ उभे राहून बोलायला लागले, वडिलांच्या गुरांबद्दल, लग्नाबद्दल. त्यांच्या मागं, लांब, दोन दगडांच्या मधे, ठिपक्यांचं जाकीट पडलं होतं. एक पाय अंगाखाली दुमडलेला. सावली त्याच्या पायांपर्यंत आली होती.

हात वर आला. उजवा. कोपरापासून, हळूहळू, आणि खाली पडला. बोटांनी माती ओढली. मग पुन्हा वर आला. मुलगी म्हणत होती, "आता सगळं ठीक होईल, नाही का?" मागं डबनं डोकं वळवलं. नायकाकडं नाही, मुलीकडं नाही. चित्राच्या डाव्या काठाकडं, जिथं काही दिसत नव्हतं. मग हात खाली गेला तो गेला. नायकानं मुलीचं चुंबन घेतलं, गाणं सुरू झालं.

मी उठून टीव्ही बंद केला.

"तिकडं डावीकडं कोण होतं?" मी विचारलं.

"मी," हार्लन म्हणाला.

"सांग."

तो दारातच उभा होता. एवढ्या वर्षांत त्याला सलग चार वाक्यं कुणी लिहून दिली नव्हती. त्यानं ती अडखळत सांगितली.

"तो पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या, वर्ना. इतकी मस्त पड होती. मी त्याच्याकडं जायला निघालो, तर टॉबिन ओरडला." टॉबिन म्हणजे त्या सिनेमाचा साहेब. "म्हणाला, 'कुणी जाऊ नका रे तिकडं! वाळूत पावलं उमटतील. राहू दे त्याला तिथंच, छान पडलाय. मागं प्रेत दिसलं तर सीनला मजा येईल.' ऊन चाललं होतं. त्यांनी कॅमेरा फिरवला आणि पुढचा सीन लावला. आणि मला तर जाताच येईना. माझ्या अंगात तेच जाकीट. तिथं जो मेला होता तो मीच होतो ना. एका चित्रात दोन प्रुइट कसे दिसतील? मी कॅमेऱ्याच्या शेजारी बसून राहिलो."

"पुढं."

"ती पोरगी वाक्य विसरली. पुन्हा घेतलं. पुन्हा विसरली."

"किती वेळ, हार्लन?"

"ऊन जाईपर्यंत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मधे एकदा त्यानं हात हलवला. टॉबिन चिडला, 'तो मेलेला हलतोय, सांगा त्याला कुणीतरी.' सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. डबला मीच सांगणार ना. मी ओरडलो."

"काय ओरडलास?"

त्यानं बंद टीव्हीकडं बघितलं.

"काय ओरडलास माझ्या नवऱ्याला?"

"गप पड रे गड्या, तू मेलायस."

घरात टीव्हीची काच गार होताना टकटक करत होती. मला ती अजून ऐकू येते.

"लोक हसले," हार्लन म्हणाला. "मला वाटलं तोही हसला. त्यानं माझ्याकडं मान वळवली. तू बघितलंस आता. आणि मग तो गप पडला, वर्ना. मी सांगितलं म्हणून गप पडला. पुढच्या दोन्ही वेळी इतका छान पडून राहिला की टॉबिन म्हणाला, याला म्हणतात कामाचा माणूस. पण पोरीला वाक्य जमलं होतं ते आधीच्याच वेळी, म्हणून सिनेमात तोच शॉट राहिला, आवाज मागाहून भरला. मग ऊन गेलं, कट झालं, सगळे सामान बांधायला लागले. मी कॉफीचा कप घेऊन त्याच्याकडं गेलो. दोन कप घेतले होते."

मी कशी बसले होते मला आठवत नाही. मला रडू आलं नाही. मला फक्त डब दिसत होता. आपलं अंग मोडलंय हे त्याला कळलं होतं. त्यानं हात वर केला, आणि ज्याच्या पातेल्यात तो जेवला त्याच्या आवाजानं सांगितलं की तू मेलायस. आणि आयुष्यात कुणाचा शॉट न बिघडवलेल्या माझ्या वेड्यानं ते ऐकलं.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू दारात म्हणालीस, आज लवकर सोडलं? हसून म्हणालीस. मला नाही जमलं."

"आणि नंतर? तेरा वर्षं होती."

"नंतर तू माझी झालीस," तो म्हणाला. "मग तर मुळीच नाही जमलं."

हे त्यानं खरं सांगितलं, एवढं मी त्याच्या पदरात घालते. पण तेव्हा मला त्याच्या पदरात काही घालायचं नव्हतं. मला त्याचा इतका राग आला होता की दात दुखायला लागले. मी म्हणाले, "दाखव मला."

"काय?"

"कसा पडला होता तो. लांबून नीट दिसलं नाही. तू जवळून बघितलंस. दाखव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग छोटं टेबल बाजूला सरकवलं, गुडघे धरत धरत खाली बसला आणि गालिच्यावर आडवा झाला. एक पाय अंगाखाली. उजवा हात बाहेर पसरलेला. तोंड भिंतीकडं. हे काम त्यानं आयुष्यभर केलं होतं आणि त्यात तो वाईट नव्हता. श्वाससुद्धा दिसेना. पाठमोरा, खांदे तेच, उंची तीच. दोघांतला कोण पडलाय, हे सांगायला माझ्या घरात कुणी नव्हतं.

मी खुर्चीत बसून राहिले. तो शब्दाची वाट बघतोय हे मला ठाऊक होतं. मी उठ म्हटल्याशिवाय तो उठणार नव्हता, सकाळपर्यंत नाही, कधीच नाही. आणि मला म्हणायचं नव्हतं. पडू दे, असं मी मनात स्वच्छ म्हटलं. कळू दे. खिडकीतलं ऊन गालिच्यावरून सरकलं, त्याच्या बुटांवर आलं, भिंतीवर गेलं. बाहेर ओडेसा नवऱ्याला जेवायला हाका मारत होती. खोलीत काळोख भरायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस जमिनीवर पडला होता आणि मी त्याच्याकडं बघत होते, जसं त्या सगळ्यांनी बघितलं असेल, हातातलं काम संपेपर्यंत.

मग त्याचा हात हलला. जरासाच. वयाचा कंप होता की कळ आली होती की त्यानं मुद्दाम हलवला, मला माहीत नाही, आणि पुढं मी कधी विचारलंही नाही. बोटं गालिच्यावर उघडली आणि मिटली.

माफ मी त्याला केलं नव्हतं. पण मी खुर्चीतून उठले आणि त्याच्यापाशी गेले.